एका बोटाचा उतार

आमच्या डोंगरांत सायकलने उतरायच्या वाटा किती, हे कुणी मोजलेलं नाही. पण त्यांतल्या चांगल्या कोणत्या, हे दरवर्षी माझे बाबा ठरवायचे. तसा क्लब होता, क्लबाला अध्यक्ष होता, बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, आवाज चढायचे, आणि सगळं झालं की सगळे बाबांकडे बघायचे. बाबा म्हणतील ते दहा उतार हंगामाच्या फलकावर चढायचे. बाकीचे असले काय नि नसले काय.

त्यांची पद्धत एकदम साधी होती. उतार किती अवघड, ते बोटांवर ठरवायचं. वरपासून खालपर्यंत ब्रेक एका बोटाने सांभाळता आला तर तो एका बोटाचा उतार. सुट्टीला आलेल्या कुणीही भाड्याची सायकल घ्यावी आणि जावं. दोन बोटं लागली तर दोन बोटांचा. त्याला हात बसलेला माणूस हवा. आणि जिथे मूठ आवळावी लागते तो मुठीचा. तिथे ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर जायचं. फलकावर प्रत्येक नावापुढे बोटांचं चित्र काढलेलं असायचं. बाहेरून आलेले लोक आधी हसायचे, आणि दोन दिवसांत तेच लोक फोनवर घरी सांगायचे, ‘आज दोन बोटांचा केला!’

नावंही बाबांनीच ठेवलेली. ‘सासू’ म्हणजे जो खाली पोचेपर्यंत श्वास घेऊ देत नाही. ‘जावई’ छोटा, मऊ, सगळीकडून लाड झालेला. असे गमतीगमतीत दहा. लोकांना वाटायचं, एकदा ठरले की संपलं. दरवर्षी कशाला पुन्हा निवड? त्यांना चुनखडीचा दगड माहीत नाही. हा दगड मऊ. जो उतार लोकांना आवडतो त्यावर चाकं जास्त जातात, आणि चाकं जास्त गेली की दगड साबणासारखा गुळगुळीत होतो. त्यावर पहाटेचं दव पडलं की बघायलाच नको. म्हणजे चांगला म्हणून निवडला, की त्याच दिवसापासून तो बिघडायला लागतो. शिवाय आमच्याकडे पाणी वर टिकत नाही. ओढा चालता चालता एखाद्या भोकात शिरतो आणि नाहीसा होतो, आणि मग कधीतरी वरची माती त्याच भोकात खचते. काल होती ती वाट आज असेलच असं नाही. म्हणून दर वर्षी कुणीतरी उतरून बघावं लागतं. आमच्याकडे ते बाबा करायचे.

आणि बाबांच्या सायकलीचं सगळं करायची आत्या. त्यांची धाकटी बहीण. माझी आई गेली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. आमचं सायकलींचं दुकान तिचंच म्हणायला हवं. मी फक्त भाड्याच्या सायकली द्यायचे आणि गाडी चालवायचे. आत्या कधी सायकलवर बसली नाही. ‘मला खाली जायची घाई नाही,’ म्हणायची. पण चाक फिरवून नुसतं ऐकलं की कुठे काय बिघडलंय ते सांगायची. गावातले लोक तिला ‘मिस्त्रीणबाई’ म्हणायचे, आणि ती नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आता एक गोष्ट. मला ती फार उशिरा कळली, पण इथे मी आधीच सांगून टाकते, कारण लपवाछपवी आमच्या घरात पुरेशी झाली आहे.

बाबांची बोटं गेली होती. आयुष्यभर दगडांवरून हँडल हादरत राहिलं की बोटांतलं रक्त आटतं. खाणीत ड्रिल चालवणाऱ्यांना होतं तेच. आधी थंडीत पांढरी पडतात, मग बारा महिने बधिर. एक दिवस बाबा म्हणाले, “ब्रेक घट्ट झालाय, बघ जरा.” आत्याने बघितला. ब्रेक ठीक होता. मग तिने बाबांच्या हाताकडे बघितलं. शर्टाचं बटण त्यांना लावता येत नव्हतं, कप दोनदा हातातून सुटला होता, आणि बाबा कपालाच नावं ठेवत होते. आत्या काही बोलली नाही. तिने ब्रेकच्या मोठ्या चकत्या आणल्या, जास्त जोराचा ब्रेक बसवला, लिव्हर हँडलाजवळ घेतली. बाबांनी अंगणात दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, “हं, आता बरा झाला.”

पुढच्या हंगामात पुन्हा घट्ट झाला. तिने पुन्हा हलका केला. होता होता तो ब्रेक असा झाला की धडधाकट माणसाने नुसतं बोट टेकवलं तर हँडलवरून पुढे उडाला असता. म्हणून ती कुणाला त्या सायकलीला हात लावू देत नसे. “दादाच्या सायकलीला दुसऱ्याचा हात चालत नाही,” म्हणायची. आम्हाला वाटायचं, बहिणीचं कौतुक. बाबांनाही तेच वाटायचं, आणि ते खूश असायचे.

आणि बाबा तर बोटांवरून उतार ठरवत होते.

म्हणजे काय झालं, ते सांगायला नको. मुठीचे उतार दोन बोटांचे झाले, दोन बोटांचे एकाचे झाले. डोंगर होते तिथेच होते. बाबांना शंका आली नाही, कारण त्यांना वाटलं, आपण वयाने सुधारतोय. कुरकुर कुणी केली नाही, कारण साठी ओलांडलेला माणूस जिथून एका बोटाने उतरतो तिथे आपल्याला दोन लागली, हे चारचौघांत कोण कबूल करणार? मलाही ‘भट्टी’वर दोन लागायची. मी घरी येऊन गुपचूप मनगटाचे व्यायाम करायचे. आमचा सगळा क्लब असाच गुपचूप दोन बोटांनी उतरत होता आणि खाली पोचून एक बोट दाखवत होता.

‘भट्टी’ हा आमच्याकडचा सगळ्यांत देखणा उतार. वर मोकळं पठार, दगडांना खोल चिरा पडलेल्या, मग झाडी, मग कड्याच्या कडेकडेने एक लांब पांढरी वाट, आणि शेवटी जुन्या चुनाभट्टीला वळसा घालून शेतात. त्या वळशाच्या डावीकडे कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे भट्टीचा खड्डा. माझ्या लहानपणी भट्टी मुठीचा होता. मग दोन बोटांचा झाला. गेल्या वर्षी फलकावर त्याच्यापुढे एक बोट आलं.

यंदाच्या हंगामाच्या आधी, फलक नुकताच उतरवला होता आणि नवी निवड व्हायची होती, तेव्हा एक दातांची डॉक्टर नवऱ्याबरोबर आली. हसरी बाई. हेल्मेटचा पट्टा लावताना मला म्हणाली, “तुमची अक्कलदाढ वाकडी येतेय. हसताना दिसली. काढून टाका.” मी म्हटलं, “अक्कल आधीच कमी, त्यात दाढही काढू?” ती इतकी हसली की पट्टा पुन्हा लावावा लागला. तिने विचारलं, नवशिक्याने कुठून जावं? मी म्हटलं, भट्टी, एका बोटाचा. नवरा सायकलवाला नव्हता. तो खाली शेतात थांबतो म्हणाला.

ती खाली आली नाही. शेवटच्या वळणावर सायकल सरळ गेली, भिंत ओलांडून.

सायकल दुकानात परत आली तेव्हा आत्याने ती टांगली आणि दार लावून घेतलं. मी आत गेले तर ती स्टुलावर बसली होती, हातात पाना तसाच. पुढची-मागची चकती तापून निळी पडली होती. पॅड जळून खालचा पत्रा उघडा पडला होता. मला एवढंच कळलं की ब्रेक मोडलेला नाही.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“सायकलीला काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “बाई वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबत आली. चारही बोटांनी.”

“घाबरली असेल.”

त्या क्षणी आत्याला सगळं कळलं होतं, हे मला आज कळतंय. तेव्हा मला वाटलं, तिला वाईट वाटतंय. मलाही वाटत होतंच. रात्रभर मला ते दाढेचं बोलणं आठवत होतं.

बाबा त्या नवऱ्याला भेटायला गेले. मी बरोबर होते. हॉटेलच्या खोलीत पलंगावर तिची बॅग उघडी पडली होती, आणि तो माणूस तिच्या कडेला, बॅगेला धक्का लागू नये असा अंग चोरून बसला होता. बाबा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांचं बोलणं नेहमी मऊ असायचं. “हे बघा,” ते म्हणाले, “तो उतार एका बोटाचा आहे. मी स्वतः उतरतो. त्या घाबरल्या असतील. घाबरलं की माणसाचं चुकतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.” नवऱ्याने मान हलवली. म्हणाला, “ती कधी घाबरायची नाही हो.” बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता, हे लिहिताना हात थांबतो.

मग निवडीची बैठक. अध्यक्षाच्या हॉटेलात, जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं जोडून. अध्यक्ष म्हणजे आमचा हॉटेलवाला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात खोल्या भरलेल्या असतात किंवा रिकाम्या असतात, तिसरं काही नसतं. “एक अपघात झाला म्हणून सबंध डोंगर बदनाम करायचा का?” तो म्हणाला. “भट्टी पहिल्या नंबरावर हवा. आपलं नाव त्याच्यावर आहे. दादा, तुम्ही सांगा.”

सगळं गाव बाबांना दादाच म्हणायचं. बाबा सांगणार, तेवढ्यात आत्या बोलली. ती बैठकीत कधी बोलायची नाही. दाराशी उभी असायची.

“भट्टीला दोन बोटं काढा,” ती म्हणाली. “निदान दोन.”

“कुणाची?” बाबांनी विचारलं. “तुझी?”

सगळे हसले. बाबाही हसले. “अगं, तू कधी उतरलीस का? जन्मात सायकलवर बसली नाहीस.”

“नाही बसले. पण दोन काढा.”

“का ते सांग ना.”

आत्याने हॉलभर बघितलं. पंधरा-वीस माणसं, सगळी बाबांच्या तालमीत वाढलेली, सगळी तिच्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग मूग गिळून जी बसली ती बसलीच. मला तिचा राग आला होता, की ही बाबांना उगाच चारचौघांत आडवी जाते आणि कारणही सांगत नाही.

पण बाबा न्यायी होते. नाही म्हणून झटकून टाकणं त्यांना जमायचं नाही. “ठीक आहे,” ते म्हणाले. “बाई गेलीय, शंका नको. मी पुन्हा उतरतो. माझी बोटं सांगतील ते खरं.”

त्या दुपारी आत्याने त्यांच्या सायकलीचे ब्रेक बदलले. जे भाड्याच्या सायकलींना असतात, जे डॉक्टरीणबाईंच्या सायकलीला होते, ते साधे ब्रेक बसवले. मी समोरून ये-जा करत होते. मला वाटलं, नेहमीची सफाई चाललीय.

तिने मनात काय धरलं होतं, तेही सांगते. बाबा निघायच्या आधी अंगणात दोन चकरा मारायचेच. त्यात कधी खंड पडला नव्हता. तिचा हिशोब असा, की चकरा मारताना ब्रेक लागणार नाही, दादाला हातातला दोष हातानेच कळेल, तो दारात येऊन ओरडेल, आणि मग ती सांगेल. आपल्या तोंडाने पहिला शब्द काढायचा नव्हता तिला. तो ब्रेकने काढावा. एवढीच तिची हुशारी, आणि एवढाच तिचा भित्रेपणा. मला आजही यांतलं कोणतं जास्त होतं ते ठरवता येत नाही.

सकाळी दवाने अंगण ओलं होतं. हॉटेलवाला आपला टेम्पो घेऊन स्वतः आला. त्याला घाई, दुपारी फलक रंगवणारा यायचा होता. बाबा कप हातात घेऊन बाहेर येईपर्यंत याने सायकल टेम्पोत चढवून दोरी बांधलीसुद्धा. “चला दादा, वर जाऊन फिरा हवं तेवढं.” बाबांनी उरलेला चहा कुंडीत ओतला आणि बसले.

आत्या मागच्या नळावर हात धूत होती. आवाज ऐकून ती तशीच ओल्या हातांनी धावत आली. टेम्पो वळणावर गेलेला.

“फिरला का तो?” तिने विचारलं.

“कोण?”

“दादा! अंगणात. चकरा मारल्या का त्याने?”

“नाही. का गं?”

तिने माझ्या हातातला फोन घेतला. बाबा उतरायला जाताना फोन घरी ठेवायचे, म्हणून तिने हॉटेलवाल्याला लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला नाही. लागला तोवर ते पठारावर पोचले होते.

मी फक्त तिची बाजू ऐकली. “दादाला म्हणावं, ब्रेक बघून घे... हो, मीच केलेत... नाही, बिघडलेले नाहीत... तसं काही नाही हो. घट्ट आहेत जरा. नीट बघून घे म्हणावं. दाबून... हो. त्यालाच द्या ना फोन... बरं. बरं.” आणि तिने फोन कानावरून काढला. हॉटेलवाल्याने नंतर सांगितलं की त्याने निरोप दिला होता. बाबांनी उभ्या उभ्या लिव्हर दाबली आणि म्हणाले, “घट्ट ब्रेक नाही, घट्ट बोटं आहेत. थंडीने आखडलीत. दोन दगड उतरलो की मोकळी होतील.” आणि हेल्मेट चढवलं.

“गाडी काढ,” आत्या म्हणाली.

खालच्या शेताकडे जाणारा रस्ता बारा वळणांचा आहे. त्या वळणांवर तिने मला सगळं सांगितलं. बटणं, कप, चकत्या, निळी पडलेली ती चकती, अंगणातल्या चकरा. मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

“मग फोनवर का नाही सांगितलंस?” मी ओरडले.

“तो ऐकत होता ना. हॉटेलवाला.”

“ऐकू दे की! सबंध गावाने ऐकू दे!”

“दादाची लाज गेली असती गं.”

मी एका हाताने पुन्हा फोन लावला. रेंज नव्हती. तिथे कधीच नसते.

शेतात पोचलो तेव्हा वर झाडीत खडखड ऐकू येत होती. भट्टीवरून कुणी उतरत असलं की तो आवाज दुरून येतो; पांढऱ्या दगडांवर चाक पडल्याचा कोरडा आवाज, मधे मधे थांबणारा. थांबतो तेव्हा माणूस ब्रेक लावत असतो. त्या दिवशी तो थांबत नव्हता. आत्या भिंतीकडे धावली. मी तिच्यामागे. काय करणार होतो आम्ही दोघी? हात पसरून उभं राहणार होतो?

बाबा शेवटच्या वळणावर आले. अगदी बरोबर बसले होते. कंबर मागे, गुडघे सैल, नजर पुढे, आम्हा सगळ्यांना शिकवायचे तशी. फक्त दोन्ही हातांची चारही बोटं लिव्हरवर होती आणि लिव्हर हलत नव्हती. ओल्या दगडावर मागचं चाक सरकलं, ते सावरले, मला वाटलं सावरले. मग ते भिंतीवर गेले आणि भिंतीपलीकडे गेले.

वाचले. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट होतं म्हणून. मान वाचली, हात वाचले, कंबरेखाली काही राहिलं नाही. ते पुन्हा चालणार नाहीत, हे डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर सांगितलं आणि आत जाऊन बाबांना त्याच आवाजात सांगितलं. बाबा रडले नाहीत. “बरं,” म्हणाले. मग छताकडे बघत बसले. मी बाहेर येऊन भिंतीवर डोकं टेकून रडले, आणि आत्याने पाठीवर हात ठेवला तेव्हा मी तो झटकला.

काही दिवसांनी हॉटेलवाला आला. फळं घेऊन, डोळे भरून. खोटे नव्हते ते डोळे. खुर्चीवर बसून त्याने हळूच विषय काढला. “दादा, लोक विचारतायत. मी सांगितलंय, ब्रेकमध्ये दोष होता. म्हणजे उताराला नाव नको आणि तुम्हालाही नको. यंत्र आहे, बिघडतं. भट्टी आहे तसा फलकावर जाईल. एका बोटाचा. तुमचाच शब्द.”

“जाऊ दे,” बाबा म्हणाले. “ब्रेकच होता तो. मला कळलं होतं वर. घट्ट होता. पण माझ्या बहिणीला कुणी काही बोलायचं नाही.”

आत्या खिडकीशी उभी होती. हॉटेलवाला गेल्यावर बाबा तिच्याकडे वळले. मानेला पट्टा होता, नुसते डोळे वळले.

“तू मनाला लावून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “माणूस आहे, एखादा स्क्रू राहतो. इतकी वर्षं सांभाळलीस माझी सायकल. एकदा चुकलं.”

मी आत्याकडे बघितलं. मला दिसत होतं, सुटायचा रस्ता समोर आयता उघडा पडला होता. तिने फक्त मान खाली घालायची होती. बाबा तिला माफ करून मोकळे होते, गाव विसरलं असतं, बाबा मरेपर्यंत दादाच राहिले असते. आणि भट्टीपुढे एक बोट राहिलं असतं, आणि मी दुकानात बसून पुढच्या हसऱ्या बाईला सांगितलं असतं, भट्टीवर जा. मी ठरवलं होतं, हिने नाही सांगितलं तर मी सांगणार.

तिने सांगितलं.

“ब्रेक चांगला होता, दादा.”

“असू दे गं.”

“असू दे नाही. तो साधा ब्रेक होता. भाड्याच्या सायकलींना असतो तो. सगळ्यांना असतो तो. त्याच्या आधीचे तुझे होते ते साधे नव्हते.”

“म्हणजे?”

ती पलंगाजवळ आली. उभ्यानेच, एकही शब्द न गाळता तिने सगळं सांगितलं. मधे बाबांनी एकदाही तोडलं नाही. तिचं झाल्यावर त्यांनी उजवा हात वर घेतला आणि अंगठ्यावर एक बोट दाबून बघितलं. मग दुसरं. बोटं पांढरीफटक होती. दवाखान्यात ऊब होती तरी.

“कधीपासून?”

“तुझ्या हातून कप पडायला लागले तेव्हापासून.”

“सासू?”

“हो.”

“जावई?”

“जावई आहे तसाच आहे. बाकी सगळे.”

बाबांनी डोळे मिटले. आता ओरडतील, असं मला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. ते ओरडले असते तर आम्हा तिघांनाही जरा बरं वाटलं असतं.

“मी त्या माणसाला सांगितलं,” ते म्हणाले, “तुमची बायको घाबरली म्हणून. त्याच्या खोलीत बसून सांगितलं.”

बाहेर नर्सबाईंनी कुणाला तरी हाक मारली, एक गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला आणि गेला.

“मला सांगायला काय झालं होतं तुला?” बाबांनी विचारलं. आवाज तोच, मऊ.

“कसं सांगणार होते?” आत्या म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती, आणि रडता रडता रागाने बोलत होती. “तुझं सगळं त्यातच होतं. वहिनी गेल्यावर तू त्याच्यावरच उभा राहिलास. बोटं गेली म्हटलं असतं, तर तू सायकल सोडली असतीस, दादा!”

“सोडली असती,” बाबा म्हणाले. “त्यात काय होतं एवढं?”